जमिनीवरून आकाशाचे पहिले धडे
लहान विमानांच्या वैमानिकांसाठी सिम्युलेटर-प्रशिक्षण आणि मालवणचा किनारा

सिंधुदुर्ग जिल्ह्याचे जीवन शतकानुशतके समुद्राशी निगडित आहे. १६६४ साली शिवछत्रपतींनी मालवणजवळील कुरटे बेटावर ज्या जलदुर्गाची उभारणी सुरू केली, त्याच दुर्गाचे नाव १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्याला लाभले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी, वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि कातळाच्या सड्यावरील अडीच हजार मीटर लांबीच्या धावपट्टीने या सागरी जिल्ह्याला आकाशमार्गही खुला करून दिला. डोक्यावरून विमान जाऊ लागले की ते चालवावयाचे कसे, हा प्रश्न शाळकरी मुलांच्या मनात उभा राहणे स्वाभाविकच होय. या प्रश्नाचे उत्तर देताना एका यंत्राची माहिती करून घ्यावी लागते. ते यंत्र स्वतः कधीही उडत नाही. तथापि उडणाऱ्या माणसाचे प्राण वाचविण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. हे यंत्र म्हणजे सिम्युलेटर.

सिम्युलेटर म्हणजे उड्डाणाची हुबेहूब परिस्थिती जमिनीवर निर्माण करणारी यंत्रणा. विमानातल्यासारखी बैठक, तशीच नियंत्रणे, तशीच मापकयंत्रे आणि समोर पडद्यावर धावपट्टी, डोंगर, ढग व समुद्र यांची दृश्ये. विद्यार्थ्याने दांडा ओढला की संगणक विमानाच्या गणिताप्रमाणे उत्तर देतो: नाक वर जाते, वेग घटतो, उंचीमापकाचा काटा सरकू लागतो. मोठ्या प्रवासी विमानांचे सिम्युलेटर सहा यांत्रिक पायांवर उभे असतात आणि सर्व दिशांनी हलतात. लहान विमानांच्या शिक्षणासाठी वापरली जाणारी यंत्रे बहुधा जागच्या जागी स्थिर असतात. ती साधी असली तरी त्यांचा उपयोग साधा नाही.

खाजगी वैमानिकाच्या परवान्याची वाट

भारतात वैमानिकाचा परवाना केंद्र शासनाचे नागरी विमानवाहतूक महासंचालनालय देते. वयाची १६ वर्षे पूर्ण झाल्यावर शिकाऊ वैमानिकाचा व १७ वर्षे पूर्ण झाल्यावर खाजगी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. खाजगी परवान्यासाठी किमान शैक्षणिक पात्रता दहावी उत्तीर्ण ही आहे. त्याशिवाय वैद्यकीय तपासणी, तसेच विमानविषयक नियम, मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र आणि विमान व इंजिन यांचे तांत्रिक ज्ञान या विषयांची परीक्षा द्यावी लागते. प्रत्यक्ष उड्डाण किमान ४० तासांचे हवे. त्यांपैकी किमान २० तास विद्यार्थ्याने शिक्षकाशिवाय, एकट्याने विमान चालविलेले असले पाहिजे. एकट्याने केलेल्या या उड्डाणांत किमान ५ तासांचा दूरचा प्रवास असावा लागतो आणि त्यात किमान १५० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरांचे, एक उड्डाण व वाटेत दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरणे आवश्यक असते. हा परवाना हौशी वैमानिकाचा आहे. त्यावर मोबदला घेऊन विमान चालविता येत नाही.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबने देशातील अनेक पिढ्यांना उड्डाणाचे धडे दिले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर एकटेच उतरले. पुढच्या काळात जुहूवरील गर्दी वाढली आणि राज्यातील वैमानिक-शिक्षण बारामती, धुळे, गोंदियाजवळील बिरसी अशा ठिकाणी पसरले.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. खाजगी परवान्याचे ४० तास जर विमानातच पूर्ण करावयाचे, तर सिम्युलेटरवर घालविलेल्या वेळेचा लाभ काय? उत्तर असे की, सिम्युलेटर विमानातील तासांची जागा घेत नाही. तो त्या तासांचे मोल वाढवितो. विमानाचा प्रत्येक तास इंधन, देखभाल आणि शिक्षकाचे मानधन यांमुळे महाग असतो. कोणते बटण कोठे आहे, रेडिओवर काय बोलावे, उतरण्यापूर्वी कोणत्या क्रमाने तपासणी करावी, हे शोधण्यात तो तास गेला तर विद्यार्थ्याचे दुहेरी नुकसान होते. खाडीच्या शांत पाण्यात वल्हे धरावयास शिकलेला मुलगा समुद्रावर गेल्यावर लाटांकडे लक्ष देऊ शकतो. ज्याला वल्हेच धरता येत नाही त्याचे सारे लक्ष वल्ह्यातच अडकते. उड्डाणाचेही तसेच आहे.

ऑर्गनच्या कारखान्यातील शोध

या यंत्राचा जन्म मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. आपल्याकडील संगीत नाटकांतील ऑर्गन किंवा दशावतारातील पेटी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना भात्याचे कार्य समजावून सांगण्याची गरज नाही. हवा भरली की भाता फुगतो, हवा काढली की मिटतो. उड्डाणाचे शिक्षण महागडे असल्याचा अनुभव लिंक यांनी स्वतः घेतला होता. त्यांनी लाकडी विमानाची एक छोटी प्रतिकृती अशाच भात्यांवर बसविली. आतील विद्यार्थ्याने दांडा हलविला की झडपा उघडत, भाते कमीअधिक फुगत आणि ती प्रतिकृती डोलू, झुकू व वळू लागे. १९२९ मध्ये हे यंत्र तयार झाले. परंतु वैमानिकांच्या शाळांनी त्याकडे पाठ फिरविली. आरंभीची गिऱ्हाइके मिळाली ती जत्रा आणि करमणुकीच्या बागांतून!

हे चित्र १९३४ साली पालटले. त्या वर्षी अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर हवाई टपाल वाहून नेण्याची जबाबदारी अकस्मात येऊन पडली. रात्रीच्या अंधारात, हिमवर्षावात व धुक्यात केवळ मापकयंत्रांच्या आधारे विमान चालविण्याचे पुरेसे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. अल्पावधीत अनेक वैमानिक अपघातांत मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास लष्करी अधिकाऱ्यांना भेटण्यासाठी लिंक खराब हवेतून, मापकांच्या साहाय्याने स्वतः विमान चालवीत नेवार्कला जाऊन पोहोचले. जे सांगावयाचे होते ते त्यांच्या येण्यानेच सांगितले गेले. सैन्याने सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या ‘लिंक ट्रेनर’वर पाच लाखांहून अधिक वैमानिकांनी शिक्षण घेतले.

या यंत्राला जोडून शिक्षकाच्या टेबलावर तीन चाकांचे एक नोंदयंत्र असे. विद्यार्थी आत बसून ज्या मार्गाने ‘उडत’ असे, तो मार्ग ते नकाशावर शाईने रेखीत जाई. त्याच्या चालीवरून वैमानिकांनी त्याला खेकडा असे नाव दिले होते. मालवणात ते जन्मले असते तर त्याला कुर्ली म्हटले गेले असते. यातील गंमत सोडली तरी महत्त्वाचा मुद्दा उरतो तो असा: चूक कोठे झाली हे विद्यार्थ्याला कागदावर दिसू लागले. विमानात घडलेली चूक वाऱ्यावर विरून जाते. सिम्युलेटरवरील चूक पुन्हा पाहता येते आणि तोच प्रसंग पुन्हा उभा करून ती सुधारता येते.

१७८ सेकंद

मापकांवर विश्वास ठेवण्याचे शिक्षण एवढे आवश्यक का, हे समजण्यासाठी मानवी कानाची रचना लक्षात घ्यावयास हवी. आपल्या अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांतील द्रव हलला की आपण वळत आहोत ही जाणीव मेंदूला होते. परंतु वळण एकसारखे चालू राहिले तर काही सेकंदांत द्रवही नलिकेच्याच गतीने फिरू लागतो आणि वळत असल्याची जाणीव नाहीशी होते. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही फसवणूक ओळखतात. ढगात शिरल्यावर मात्र डोळ्यांचा आधार तुटतो. विमान एका बाजूला कलून वळत असते आणि वैमानिकाला ते सरळ जात आहे असे वाटते. नाक खाली जाऊन वेग वाढू लागला की तो घाबरून दांडा मागे ओढतो. त्यामुळे वळण अधिकच आवळले जाते आणि विमान भोवऱ्यासारखे खाली येऊ लागते.

१९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात याविषयी एक प्रयोग करण्यात आला. मापकांच्या आधारे उड्डाण करण्याचे शिक्षण न घेतलेल्या २० जणांना विमानात बाहेरचे दृश्य दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवावयास दिले. सोबत अर्थातच शिक्षक होता. वीसच्या वीस जणांचा विमानावरील ताबा सुटला. त्यासाठी लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी. त्यानंतर त्यांना एक सोपी, ठरावीक पद्धत शिकविण्यात आली: गडबड न करता, मापके पाहत, सावकाश अर्धे वर्तुळ वळून आल्या वाटेने परतावयाचे. या शिक्षणानंतर जवळजवळ प्रत्येक प्रयत्न यशस्वी झाला. म्हणजे दोष हाताचा अथवा धैर्याचा नव्हता; उणीव होती ती सरावाची.

हा सराव सिम्युलेटरवर उत्तम रीतीने होतो. वेगमापक, क्षितिजदर्शक, उंचीमापक, वळणदर्शक, दिशादर्शक आणि चढउतारमापक या सहा मापकांवरून नजर क्रमाने फिरविण्याची सवय तेथे लागते. म्हणूनच मापकांच्या आधारे उड्डाण करण्याच्या पुढील पात्रतेसाठी जे ४० तास लागतात, त्यांपैकी २० तासांपर्यंतचा सराव मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर करण्यास आपल्या नियमांनी मुभा दिली आहे.

मालवणचे आकाश

आता हे सारे आपल्या किनाऱ्याला लावून पाहू. केवळ दृष्टीच्या आधारे उडणाऱ्या लहान विमानाला साधारणतः किमान ५ किलोमीटरपर्यंतचे दिसणे आवश्यक असते आणि सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी अशा उड्डाणाची मुदत संपते. मालवणच्या किनाऱ्यावर ही अट कागदावर वाटते तितकी सोपी नाही. एप्रिल-मे महिन्यांत समुद्रावर धूसरपणा असला की पाणी आणि आकाश एकाच रंगाचे होतात व क्षितिजाची रेषा पुसली जाते. ढगात न शिरताही वैमानिक अशा वेळी ढगात शिरल्यासारखाच होतो. पावसाळ्यात घाटाकडे सरकणारे ढग सड्यांवर अगदी खाली उतरतात. जून-जुलैमध्ये मासेमारीच्या नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि मच्छीमार बांधव जाळी दुरुस्त करीत असतात. वैमानिक-विद्यार्थ्यानेही तो काळ जमिनीवरील सरावासाठी योजणे शहाणपणाचे ठरते.

वाऱ्याचेही तसेच. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे आपल्या तांडेलांना तोंडपाठ असतात. वैमानिकाला त्यांचे गणित मांडावे लागते. समजा, एक लहान विमान ताशी ९० नॉट, म्हणजे सुमारे १६७ किलोमीटर वेगाने चिपीहून विजयदुर्गाकडे निघाले. हे अंतर साधारणतः ६५ किलोमीटर, म्हणजे वेळ सुमारे २४ मिनिटे. वाटेत समुद्राकडून मार्गाला काटकोनात १५ नॉटचा वारा आहे आणि वैमानिकाने नाक सरळ विजयदुर्गाकडेच रोखून धरले, तर तेवढ्या वेळात विमान सुमारे ११ किलोमीटर पूर्वेकडे, जमिनीच्या अंतर्भागाकडे ढकलले जाईल. किनारा, देवगडची खाडी, किल्ला या साऱ्या खुणा डाव्या हाताला दूर राहतील. उपाय असा की, नाक वाऱ्याच्या दिशेने सुमारे साडेनऊ अंश वळवून ठेवावयाचे. प्रवाह ओलांडताना होडीचे तोंड वरच्या बाजूस ठेवतात, तोच हा न्याय. सिम्युलेटरवर वाऱ्याचा वेग व दिशा बदलून हे गणित एका दुपारी दहा वेळा करून पाहता येते.

यापेक्षाही मोलाचा धडा इंजिन बंद पडण्याचा. विमानात शिक्षक इंजिनाची शक्ती कमी करून या प्रसंगाची कल्पना देतो. परंतु जमिनीपासून थोड्याच उंचीवर असताना खरोखरचा प्रयोग करणे जिवावर बेतणारे असते. उड्डाण करताच इंजिन बंद पडले तर मागे वळून धावपट्टीवर परतण्याचा मोह अनावर होतो. वळताना उंची झपाट्याने घटते, पंखांचा आधार सुटतो आणि विमान कोसळते. समोर, थोडे डावीउजवीकडे, जी मोकळी जागा असेल तेथे उतरणे हाच सामान्यतः सुरक्षित मार्ग, हे पुस्तकात लिहिलेले असते. सिम्युलेटरवर विद्यार्थ्याने तो मोह स्वतः अनुभवावा, मागे वळून पाहावे आणि पडद्यावर काय होते ते पाहावे. मग पुस्तकातील वाक्य त्याला कायमचे पटते. उंचीवर असताना वेळ थोडा अधिक मिळतो. लहान विमान इंजिनाशिवाय आपल्या उंचीच्या साधारणतः नऊपट अंतर तरंगत जाऊ शकते. ९०० मीटर उंचीवरून सुमारे ८ किलोमीटर. तेवढ्या टापूत काजू-आंब्याच्या बागा, कातळाचा सडा, भातखाचरे व पुळण यांपैकी काय निवडावे, याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

यंत्राच्या मर्यादा

सिम्युलेटरचे गुण सांगताना त्याच्या मर्यादा दृष्टिआड करणे योग्य होणार नाही. जागच्या जागी स्थिर असलेले यंत्र डोळ्यांना शिकविते, पण कानाची फसवणूक करीत नाही. त्यामुळे ढगातील खरा संभ्रम त्यावर पूर्णपणे अनुभवास येत नाही. सड्याच्या कडेला वाऱ्याने बसणारा हिसका आसनाखाली जाणवत नाही. धावपट्टीला चाके टेकण्यापूर्वीच्या शेवटच्या काही क्षणांत विमान अलगद सावरण्याची कला मुख्यतः विमानातच साधते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भीती. पडद्यावरील विमान कोसळले तर बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. ही सोय शिक्षणाला उपकारक आहे. परंतु तिच्यामुळे बेफिकिरी अंगी बाणली तर तीच घातक ठरते.

घरगुती संगणकावरील उड्डाणाच्या खेळांविषयी विशेष सावधगिरी हवी. असे कार्यक्रम अनेक वर्षांपासून बाजारात आहेत आणि ते दिवसेंदिवस अधिक वास्तव होत आहेत. मार्ग व खुणा ओळखण्यासाठी, तपासणीचा क्रम पाठ करण्यासाठी त्यांचा उपयोग जरूर होतो. पण तेथील तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. शिवाय शिक्षकाविना खेळणाऱ्या मुलाला बाहेर पाहण्याऐवजी सतत मापकांवर नजर खिळविण्याची खोड लागते. निरभ्र आकाशात दृष्टीच्या आधारे उडताना वैमानिकाने अधिकांश वेळ बाहेर पाहणे आवश्यक असते, कारण समोरून दुसरे विमान अथवा घार येत असेल तर ती मापकात दिसत नाही. चुकीची सवय मोडणे हे नवी सवय लावण्यापेक्षा कठीण असते. म्हणून यंत्र कितीही चांगले असो, शेजारी जाणता शिक्षक हवाच.

शिक्षक आणि ग्रामपंचायतींचा वाटा

सिम्युलेटर ज्या शाळेजवळ नाही, त्या शाळेतही या विषयाचा पाया घालता येईल. वाऱ्याने होणाऱ्या विचलनाचे वरील उदाहरण नववी-दहावीच्या फळ्यावर सहज सोडविता येते. फिरत्या खुर्चीत विद्यार्थ्याला डोळे मिटून बसवावे, खुर्ची सावकाश व एकसारखी फिरवावी आणि काही वेळाने थांबवावी. खुर्ची थांबल्यावरही आपण उलट दिशेने फिरत आहोत असे तो सांगेल. शेजारी दोन मुले आधाराला उभी ठेवून केलेला हा प्रयोग अंतःकर्णाचा धडा कायमचा मनावर ठसवितो. भूगोलातील खारे व मतलई वारे, पदार्थविज्ञानातील बल व गती, गणितातील त्रिकोण हे सर्व विषय वैमानिकाच्या परीक्षेत एकत्र येतात, हे मुलांना दाखवून द्यावे.

पंचायत सदस्यांचे कर्तव्य निराळे, पण तितकेच प्रत्यक्ष आहे. सिम्युलेटरवर पक्ष्याची धडक दाखविता येते. ती टाळण्याचे काम मात्र जमिनीवरील लोकांनाच करावे लागते. मासळी-मटणाच्या दुकानांतील टाकाऊ पदार्थांसह पक्ष्यांना आकर्षित करणारा कोणताही केरकचरा विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिसरात टाकण्यास विमान नियमांनी बंदी घातली आहे. किनाऱ्यावरील गावांत मासळीच्या टाकाऊ भागाची विल्हेवाट हा केवळ आरोग्याचा प्रश्न नाही, तो वर उडणाऱ्यांच्या जिवाचाही प्रश्न आहे. विमानतळाच्या परिसरात उंच बांधकाम अथवा मनोरा उभारताना आवश्यक ती परवानगी घेतली आहे ना, हे पाहणेही ग्रामपंचायतीच्या दक्षतेत यावे.

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या मुलाच्या पालकांनी संस्था निवडताना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: संस्थेला महासंचालनालयाची मान्यता आहे काय, तेथील सिम्युलेटर मान्यताप्राप्त आहे काय आणि त्यावर शिक्षक स्वतः हजर राहून शिकवितो की विद्यार्थ्याला एकट्याला बसवून तास भरले जातात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांवरून मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी संस्थेत जाऊन एखादा पाठ प्रत्यक्ष पाहावा आणि तेथील विद्यार्थ्यांशी बोलावे. पैसे भरण्यापूर्वी एवढी तसदी पालकांनी घेतलीच पाहिजे.